शेवटच्या गाडीपर्यंत

डाळजचा भिमा मोटारी भरायचा. भिगवणला रस्त्याकडेला पत्र्याचं दुकान होतं. दुकान दुसऱ्याचं, हात भिमाचे. विहिरीवरची मोटार जळली की शेतकरी ती सायकलला बांधून नाहीतर बैलगाडीत घालून तिथं आणून टाकायचे. आतली जळकी तार उपसायची, खाचा खरवडायच्या, कागद बसवायचा, नवी तार भरायची, दोऱ्यानं आवळायची, व्हार्निश पाजायचं, भट्टीत वाळवायची. या कामाला डोकं लागतं असं लोक म्हणतात. डोकं थोडंच लागतं. लागतं ते बसणं. पाठ मोडेपर्यंत बसायचं आणि वेढ्याला वेढा चिकटवत जायचं. दोन वेढ्यांत फट राहिली की तार थरथरते, घासते, आणि मोटार परत दारात येते. भिमानं भरलेली मोटार परत आली असं भिगवणात कुणी म्हटलेलं ऐकिवात नाही.

त्याची आई अक्काबाई. घरानं धम्म घेतला तेव्हा ती नवी नवरी होती. वस्तीतल्या बायका दळताना गायच्या ते ती लग्नात, बारशात, सभेत उभी राहून गायला लागली. तेव्हा भीमजयंतीला वस्तीतल्या बैलगाड्या रांगेनं बारामतीला जायच्या. आदल्या दिवशी निघायचं, शेटफळगढ्याला मुक्काम करायचा. पहिल्या गाडीत अक्काबाई. शेवटच्या गाडीत तिचा नवरा रामभाऊ.

गाण्याची रीत ठरलेली होती. अक्काबाई पुढून ओळ टाकायची. झील, म्हणजे सगळ्यांनी मिळून धरायचं पालुपद, मात्र मागून उठायची. शेवटच्या गाडीनं आधी उचलायची, मग तिच्या पुढच्यानं, अशी ती गाडीगाडीनं पुढं यायची. झील पहिल्या गाडीपर्यंत पोचली की मगच अक्काबाई पुढची ओळ घ्यायची. नाही पोचली तर गाड्या थांबायच्या. कुणाचं जू निसटलं असेल, कुणाचा बैल बसला असेल. शेवटची गाडी बरोबर आहे, हे मागं वळून न बघता कळायचं ते असं.

मग बैलगाड्या गेल्या, जीप आल्या. प्रत्येक जीपमध्ये टेप आणि प्रत्येक टेपमध्ये वेगळी कॅसेट. अक्काबाई एका वर्षी पहिल्या जीपमध्ये बसून गेली. तिनं एक ओळ टाकली आणि वाट बघितली. मागून काहीच आलं नाही. टपावर भोंगा बांधून बघितला. भोंग्याचा आवाज शेतात गेला, वाऱ्यावर गेला, मागच्या जीपच्या इंजिनात मेला. तिचा आवाज मुळात खालचा. भोंग्यात तो पत्र्यासारखा वाजायचा. त्यानंतर ती गेली नाही. रामभाऊ वारला. तिला दमा लागला. दरवर्षी कुणी ना कुणी विचारायचं, आणि ती एकच उत्तर द्यायची, "शेवटची गाडी झील देनार आसंल तर येते. न्हायतर मी घरीच बरी."

भिमा हे दरवर्षी ऐकायचा. पण आईचा श्वास वर्षागणिक आखूड होत चालला आहे, हे त्याला दिसत होतं. अजून एखादं वर्ष, फार तर दोन. मग गाडी असूनही उपयोग नव्हता.

सत्त्याण्णव सालच्या माघातली गोष्ट. भिगवण ते बारामती वडापची, म्हणजे सीटवर माणसं भरून नेणारी, जीप चालवणारा मोहनराव स्टँडवर गाडी लावून शिव्या देत होता. त्याच्या डेकनं पुन्हा कॅसेट खाल्ली होती. धूळ आणि धक्के, यांपुढं टेपचं काही टिकत नाही. डेकमधला रेडिओ तेवढा शाबूत होता. पण एफएमच्या पट्ट्यावर भिगवणात लागणार काय? या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती खरखर. मोकळं रान.

त्या दिवशी भिमाचा भाचा धम्मदीप आला होता. तो बारामतीला टेलिफोनच्या ऑफिसात नोकरीला होता. मोहनरावच्या जीपनं त्याचं नेहमीचं येणं-जाणं. त्यानं पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या रेडिओच्या सामानाच्या दुकानातून काड्यापेटीएवढी एक डबी आणली होती. तिची पिन त्यानं आपल्या वॉकमनला लावली, वॉकमन सीटवर ठेवला आणि डेकच्या रेडिओचा काटा हळूहळू फिरवला. खरखर थांबली आणि डेकमधून गाणं सुरू झालं.

मोहनरावनं वॉकमन उचलून खालून बघितला. "गाणं हितं, वाजतंय तितं. मधी तार कुठाय?"

"तार न्हाय म्हनून तर आनलंय."

"मग जातं कशावरनं?"

"तुमच्या डोक्यावरनं, मोहनराव."

"तरीच म्हनलं गार का लागतंय," म्हणत मोहनरावनं टोपी घट्ट केली. एवढ्यात शेजारच्या जीपचा ड्रायव्हर ओरडला, "आरं, माझ्या डेकात कोन गातंय?" त्याचाही काटा नेमका त्याच जागी होता.

भिमा समोरच्या टपरीवर चहा घेत होता. तो उठून जवळ आला. दोन्ही जीपच्या खिडक्यांत आळीपाळीनं कान लावून त्यानं खात्री केली.

"ह्या जीपमधलं त्या जीपमधी जातंय?"

"व्हय मामा. पर दोन जीपपत्तुर. तिसरीत न्हाय जायाचं."

"सातवीत?"

"सातवीत कशापायी?"

भिमानं चहाचा कप टपरीवर ठेवला आणि तो कामाला गेला. संध्याकाळी धम्मदीपला घरी जेवायला बोलावलं आणि भाकरी मोडता मोडता विचारलं, "मोठं करता येतं का ते?"

धम्मदीपला येत होतं. त्यानं पुढच्या खेपेला पुण्याहून सामान आणलं. एक माईक, शेंगदाण्याएवढा. दोन ट्रान्झिस्टर, चारदोन बारकी कपॅसिटर, आणि एका मासिकातली आकृती. "ह्यात एक तारेचं वेटोळं लागतं, मामा. ते मातर तुमी करा. बोलपेनच्या रिफिलीवर चारदोन वेढं घ्यायचं."

"येवढंच?"

"येवढंच."

भिमाला ते कामच वाटेना. पण हलकं काम म्हणून हलक्या हातानं करणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्यानं तार ताणून सरळ केली. वेढ्याला वेढा असा चिकटवला की नखाची कडही आत शिरू नये. दोऱ्यानं आवळलं, व्हार्निश पाजलं, दिवसभर उन्हात ठेवलं. वेटोळं दागिन्यासारखं चकाकत होतं. धम्मदीपनं ते जोडलं.

रविवार होता. मोहनरावची जीप अंगणात उभी केली होती. धम्मदीप घरात माईकपुढं बोलत बसला आणि मोहनराव जीपमध्ये काटा फिरवत बसला. वरून खाली, खालून वर. नुसती खरखर. सगळे सांधे पुन्हा तपासले, पुन्हा डाग दिले. खरखर. सेल बदलला. खरखर.

"धम्मदीप," मोहनराव जीपमधून ओरडला, "माझ्या डोक्यावरनं गेलं बघ. कुठं उतरलं ते कळंना."

कुठं उतरलं ते भिमाच्या बायकोला कळलं. शेजारच्या तानूबाईनं कुडावरून हाळी दिली होती. भामाबाई पदराला हात पुसत आत आली. "अवो, काय चालवलंय तुमी? तानूबाईच्या टीव्हीवर मुंग्या आल्यात. तुमी बटन दाबलं की मुंग्या, सोडलं की मानसं. ती म्हनती, माझी शिरियल गेली तर तुमच्या दारात यिऊन बसते."

धम्मदीप टाळी देऊन हसला. "मामा, वाजतंय! चुकीच्या घरात वाजतंय!"

मग त्यानं नीट समजावलं. वेटोळं जितकं दाट, तितकी लहर खाली उतरते. भिमानं इतकं दाट केलं होतं की ती रेडिओच्या पट्ट्याखाली जाऊन टीव्हीत शिरली होती. "वेढं मोकळं करा. मधी फट ठेवा."

"फट?" भिमा म्हणाला.

"व्हय. सारखी फट."

भिमा वेटोळ्याकडं बघत बसला. जी फट राहू नये म्हणून त्यानं उभ्या जन्मात मान वर केली नव्हती, तीच इथं ठेवायची होती. व्हार्निश पाजलेलं ते सुटणारही नव्हतं. त्यानं नवं घेतलं. हाताला सवय अशी की बोटं आपोआप वेढे जवळ सरकवायची. मोकळं केलं की एक फट मोठी, एक बारीक. लहर जागेवर ठरेना. बोलता बोलता आवाज सरकून खरखरीत बुडायचा. वेटोळ्यामागून वेटोळी झाली. भामाबाईनं जेवायला दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा ताटच झाकून ठेवलं.

शेवटी त्यानं दुकानातला आवळायचा दोरा घेतला. तारेच्या शेजारी दोरा धरला आणि दोन्ही जोडीनं गुंडाळले. तार, दोरा, तार, दोरा. वेढ्याला वेढा चिकटलेला, फट कुठंच नाही, अगदी हाताच्या सवयीप्रमाणं. मग दोऱ्याचं टोक धरून तो अलगद उसवून काढला. राहिली ती नुसती तार, मधल्या फटी सारख्या, दोऱ्याच्या जाडीच्या.

या खेपेला अंगणातल्या जीपमधून धम्मदीपचा आवाज आला. तानूबाईच्या घरात माणसं माणसंच राहिली.

"आये, ये," भिमानं आईला हाक मारली.

अक्काबाईनं माईक बोटांत धरून उन्हाकडं केला. "ह्या मुंगळ्याफुडं गायाचं व्हय?"

"बोल काय बी."

ती काही बोलणार तेवढ्यात तिला ठसका लागला. बाहेर मोहनराव दचकून सीटवरून उठला. खोकला त्याच्या डेकमधून, त्याच्या मांडीशेजारून आला होता. तो तसाच खिडकीतून ओरडला, "अक्काबाई, पानी प्या, पानी!"

अक्काबाईनं भिमाकडं बघितलं. "भाईर ऐकू गेलं?"

"गेलं."

"खोकला गेला म्हंजी गानं बी जाईल," ती म्हणाली आणि पाणी प्यायली. त्या दिवशी ती गायली नाही. पण संध्याकाळी चुलीपाशी बसून हळू आवाजात जुन्या ओळी आठवत होती, आणि भामाबाईनं ते ऐकून भिमाला खुणेनं दाखवलं.

आता सात गाड्या. सहा जीप आणि मागं एक टेम्पो. टेम्पोत डेक नव्हता. भिमानं भंगारातला एक आणून दुरुस्त करून बसवला. सगळ्यांचे काटे एका जागी लावून हायवेच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर गाड्या चालवून बघितल्या. चौथ्या जीपपर्यंत आवाज स्वच्छ. पाचवीत खरखरीतून. टेम्पोत काही नाही. भिमानं पहिल्या जीपच्या कॅरिअरवर एरियल म्हणून लांब तार ताणली. पाचवीत स्वच्छ झाला, सहावीत आला-गेला. टेम्पोत नाही.

"ताकद वाढव," भिमा म्हणाला. धम्मदीपनं वाढवली. ट्रान्झिस्टर जळून वास सुटला.

"न्हाय मामा. ह्याच्या फुडं ह्यो डबा जानार न्हाय. आन् जास्ती ताकदीचं काम सरकारी परवान्याचं आसतं. हे बी खरं तर परवान्याबिगर चालत न्हाय. एक दिस वाजवायचं आन् गुमान बंद करायचं."

"मधल्या गाडीत बसवली आईला तर?"

अक्काबाई पहिल्या जीपमध्ये बसून ऐकत होती. "मधी बसून ओळ टाकतात का कुटं?" ती म्हणाली. "आन् तुमच्या गाड्या येवढ्या लांब लांब कशापायी? आमच्या गाड्यांत मागच्या बैलाचा फुसकारा फुडच्या मानसाच्या पाठीला लागायचा."

सगळे ड्रायव्हरकडं बघायला लागले. सगळे वडापचे. वडापच्या ड्रायव्हरला एकच धडा येतो, पुढच्याच्या पुढं जायचं. जो पुढं, त्याला स्टॉपवरचं गिऱ्हाईक. मागं राहून, अंतर धरून, रांगेत चालवणं त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

"भिमाभाऊ," मोहनराव म्हणाला, "इतकं चिकटून चालवायचं म्हंजी मी ब्रेक मारला की मागच्याचं नाक माझ्या डिकीत."

"मग हळू चालवा."

"हळू?" मोहनरावनं बाकीच्यांकडं बघितलं. "हळू कुनाला येतं रं?"

कुणालाच येत नव्हतं. त्यांनी ते शिकून घेतलं. रोज गिऱ्हाईक सोडून झालं की संध्याकाळी उन्ह कलताना सगळे त्या रस्त्यावर यायचे आणि दुसऱ्या गिअरमध्ये, क्लचवर पाय धरून, पुढच्याच्या नंबरप्लेटवर नजर लावून चालवायचे. पहिल्या दिवशी दोघांनी दिवे फोडले. एकानं सवयीनं हॉर्न मारून साइड घेतली आणि सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. पायाच्या पोटऱ्या भरून यायच्या. जोरात चालवण्यापेक्षा हळू चालवण्यात जास्त घाम येतो, हे त्यांना तेव्हा कळलं. ठरावीक अंतर धरलं की टेम्पोतला डेक बोलू लागायचा. हातभर वाढलं की खरखर. भिमाला बोलावंच लागायचं नाही. टेम्पोचा ड्रायव्हर स्वतःच गाडी पुढं सरकवायचा.

चौदा एप्रिलला सकाळच्या गारव्यात गाड्या डाळजहून निघाल्या. पहिल्या जीपमध्ये मोहनराव. शेजारी अक्काबाई, पांढऱ्या पातळात, हातात रुमालात गुंडाळलेला माईक. मागच्या सीटवर धम्मदीप, डबा सांभाळत. भिमा शेवटच्या टेम्पोत बसला. तिथंच बसायचं त्यानं आधीपासून ठरवलं होतं.

भिगवण मागं पडलं. मदनवाडीच्या पुढं रस्ता मोकळा झाला. टेम्पोतला डेक नुसताच घोंघावत होता. मग त्यातून एक श्वास ऐकू आला, दम्याचा, घरघरीत. भिमानं तो ओळखला.

"मावळली रात माझी, उजाडलं बांधावर,
भीमरायाची वही माझ्या लेकराच्या खांद्यावर."

ती ओरडत नव्हती. दळताना गावं तशी गात होती. सातही गाड्यांत तो आवाज माणसाच्या कानाशी बसल्यासारखा लागला. टेम्पोच्या हौद्यात बसलेल्या बायका बोलायच्या थांबल्या.

ओळ संपली. भिमा जन्मात कधी गायला नव्हता. रामभाऊचा गळा त्याला मिळाला नव्हता, हे त्याला आणि सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि झील उचलली.

"चाललो गं चाललो, माघारी न्हाय वळायाचं!"

आवाज बेअरिंग गेलेल्या मोटारीसारखा निघाला. पण निघाला. हौद्यातल्या बायकांनी तो धरला, पुढच्या जीपनं धरला, तिच्या पुढच्या जीपनं धरला. जवळ-जवळ चालणाऱ्या गाड्यांच्या उघड्या खिडक्यांतून झील पुढं पुढं गेली. डेकमध्ये क्षणभर शांतता होती. मग अक्काबाईची दुसरी ओळ आली.

शेटफळगढ्याच्या अलीकडं आडव्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, उसानं आणि त्याच्या हिरव्या वाड्यानं लगडलेल्या. सहावी जीप पुढं गेली आणि टेम्पोच्या तोंडापुढं ट्रॅक्टर घुसला. डेकमध्ये गाणं फाटलं. एक शब्द, खरखर, अर्धा शब्द, खरखर. टेम्पोचा ड्रायव्हर हॉर्नवर हात धरून बसला. समोरून गाड्या येत होत्या. साइड काढता येईना. पुढं उसाचा डोंगर हळूहळू हलत होता आणि त्याच्या पलीकडं सहा जीप लांब लांब जात होत्या.

भिमा डेकवर हात ठेवून बसला. झील द्यायची तर ओळ कुठं संपली हेच कळत नव्हतं. वडापच्या रस्त्यावर मागं पडलेल्यासाठी कुणी थांबत नाही. हे त्या रस्त्यावर जन्म काढलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

पहिल्या जीपमध्ये काय झालं ते धम्मदीपनं नंतर सांगितलं. अक्काबाईनं ओळ टाकली. झील आली, पण ती सहाव्या जीपमधून उठलेली होती. जवळून, तरण्या गळ्यांची, सुरेल. अक्काबाईनं पुढची ओळ घेतली नाही.

"गा की, अक्काबाई," मोहनराव म्हणाला. "झील तर आली."

"ही मागची न्हाय. थांबीव."

"हितं? मधी रस्त्यात?"

"मागचं टोक तुटलंय. थांबीव म्हनते ना!"

मोहनरावनं जीप कडेला घेऊन थांबवली. त्याच्या मागं एकेक करत सगळ्या थांबल्या. रिकाम्या स्टॉपपाशी, गिऱ्हाईक नसताना, वडापच्या सहा जीप इंजिन बंद करून ओळीत उभ्या. उसाचा ट्रॅक्टर बाजूनं घरघरत पुढं गेला. ट्रॅक्टरवाल्यानं मान वळवून बघितलं, कुणाचं काय बिघडलं म्हणून.

त्याच्या मागून टेम्पो आला. रांगेच्या शेपटीला येऊन, नेमकं अंतर धरून उभा राहिला. डेकमधली खरखर गेली. अक्काबाईचा श्वास ऐकू आला. तिनं तीच ओळ पुन्हा टाकली, पहिल्यापासून, आणि थांबली.

भिमानं झील दिली. इंजिनं बंद होती. त्याचा तो फाटका आवाज कुठल्याही यंत्राशिवाय, माणसांच्या गळ्यांवरून, पहिल्या जीपपर्यंत पोचला.

"आता चल," अक्काबाई मोहनरावला म्हणाली.

बारामतीपर्यंत पुन्हा टोक तुटलं नाही. चौकात गाड्या शिरल्या तेव्हा दुसऱ्या गावांचे लोक बघायला लागले. एकाही गाडीवर भोंगा नाही, एकाही गाडीत कॅसेट नाही, आणि सातही गाड्यांतून एकच म्हातारी गातेय. मोहनराव खाली उतरला तर त्याला पाय टेकवेना. पोटरीला गोळा आला होता. तरी तो लंगडत प्रत्येकाला सांगत सुटला, "भिगवणपासनं दुसऱ्या गिअरमधी आनलीय. इचारा कुनाला बी."

धम्मदीपनं ठरल्याप्रमाणं डबा बंद केला. भिमा टेम्पोतून उतरून पुढं आला. अक्काबाई जीपच्या पायरीवर बसून पाणी पीत होती. श्वास लागला होता, पण बसली होती ताठ.

"झील कुनी उचलली?" तिनं विचारलं.

"मी."

"तुजा बाप बरा गायचा."

"व्हय."

तिनं लोटा खाली ठेवला. "पर येळेवर उचललीस. तो बी कदी चुकला न्हवता."

भिमा मोटारीबद्दल कुणी चांगलं बोललं की हातातलं काम पुढं चालवायचा. इथं हातात काम नव्हतं. त्यानं खिशातून दोरा काढला, कॅरिअरवरची तार एका बाजूला सैल झाली होती ती आवळून बांधली, आणि पुन्हा एकदा ओढून बघितली.